कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे : धर्मविद्या आणि धर्माचरण

ईश्वराविषयीची माहिती आणि ईश्वराचे ज्ञान या दोन भिन्न वस्तू होत. पहिली ग्रंथांच्या अध्ययनाने प्राप्त होते; दुसऱ्या वस्तूसाठी त्या अध्ययनाला आचरणाची जोड द्यावी लागते. म्हणूनच महानुभाव परंपरेने सूत्रपाठात विचारप्रकरणाबरोबर आचारप्रकरणालाही स्थान दिले, आणि शास्त्र जाणूनही न आचरणाऱ्यास पूर्ण अधिकारी मानले नाही. पंथाच्या बाहेर राहूनही हेच तत्त्व ज्यांच्या जीवनात प्रत्ययास येते, अशा पुरुषांत कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांची गणना करावी लागेल.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात झाला. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, हा योगायोग लक्षणीय आहे. वडील रामजीबाबा वारकरी वृत्तीचे होते, मातोश्री यमुनाबाई शांत व श्रद्धाळू होत्या. घरात भजन होते आणि जातिभेदाचा काच फारसा नव्हता. पुढे विद्यापीठात जे तर्काने तपासले गेले, त्याचे बीज असे घरातच पडले होते.

उच्च शिक्षणासाठी विठ्ठलराव १८९३ साली पुण्यास येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हाचे पुणे मंडईभोवती नव्याने आकार घेत होते. शुक्रवार पेठेतील मंडईची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली होती. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. महात्मा फुले यांचे नाव तिला पुष्कळ नंतर मिळाले. खेड्यापाड्यांतील कुणबी व माळी तेथे भाजीपाला आणीत, आणि सर्व जातींची माणसे तो विकत घेत. व्यवहारात माणूस माणसाजवळ येत होता, परंतु देवळात, पाणवठ्यावर आणि पंक्तीत तो दूरच राहत होता. मंडईपासून जवळच, बुधवार पेठेत, प्रार्थना समाजाचे मंदिर होते. तेथे एका निराकार ईश्वराची उपासना जातिभेद न मानता चाले.

महाविद्यालयात मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी विठ्ठलरावांच्या पूर्वश्रद्धेला धक्का दिला. काही काळ मन संशयात राहिले. पुढे मॅक्स म्युल्लर यांच्या लेखनाने धर्माकडे पाहण्याची दुसरी दृष्टी मिळाली : धर्म नाकारावयाचा नसून अभ्यासावयाचा आहे. १८९८ साली बी. ए. ची पदवी मिळाली. त्याच सुमारास त्यांनी प्रार्थना समाजाचा स्वीकार केला. कायद्याचा अभ्यास आरंभिला होता तो सोडून दिला. वकिलीने प्रपंच सुखाचा झाला असता. पण मनाला लागलेली ओढ निराळी होती.

ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी एकेश्वरवादी ख्रिस्ती संस्थेकडून शिष्यवृत्ती मिळे. प्रार्थना समाजाने तिच्यासाठी विठ्ठलरावांची निवड केली. प्रवासखर्चाची अडचण श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी दूर केली. सप्टेंबर १९०१ मध्ये विठ्ठलराव विलायतेस निघाले. १७८६ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आले होते. तेथे शिकणाऱ्यास वा शिकवणाऱ्यास कोणत्याही ठराविक मताची शपथ घ्यावी लागत नसे. डॉ. ड्रमंड तेथे प्राचार्य होते, प्रा. एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्म शिकवीत आणि बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे ते मोठे जाणकार होते, प्रा. अप्टन धर्माच्या तत्त्वज्ञानाचे विवरण करीत. ईश्वराचे अस्तित्व, जीवाचे स्वातंत्र्य, दुःखाचे कारण, निरनिराळ्या धर्मांतील साम्य व भेद असे विषय दोन वर्षे अभ्यासले गेले. वर्गाबाहेर विठ्ठलरावांनी तेथील दरिद्री वस्त्यांतून चालणारे सेवाकार्यही पाहिले. १९०३ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मपरिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून ते स्वदेशी परतले.

अध्ययन तेथे संपले. परीक्षा येथे सुरू झाली. मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून हिंडत असता १९०५ साली अहमदनगरजवळील भिंगार येथे अस्पृश्य मंडळींची रात्रीची सभा त्यांनी पाहिली आणि त्यांच्या सेवेचा निश्चय दृढ झाला. त्याच वर्षी पुण्यात अस्पृश्य मुलांसाठी रात्रशाळा निघाली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. भगिनी जनाबाईंनी या कार्यास स्वतःला वाहून घेतले. पुण्यात नाना पेठेत अहल्याश्रम उभा राहिला. १९१७ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेत अस्पृश्यतानिवारणाचा ठराव संमत झाला, त्यामागे शिंदे यांचे दीर्घ परिश्रम होते.

या कार्याचे मोल त्यांना द्यावे लागले. मतभेदामुळे १९१० साली समाजाचे प्रचारकपद सुटले. १९२० साली पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला तेव्हा त्यांनी मुलींचा पक्ष घेऊन मोठ्या लोकांचा रोष पत्करला. ज्यांच्यासाठी मिशन काढले त्यांच्यापैकीच काहींना परक्यांचे नेतृत्व नकोसे झाले, तेव्हा १९२३ साली मिशनचा कारभार त्यांच्या हाती सोपवून विठ्ठलराव बाजूला झाले. स्वतः उभारलेली संस्था सोडणे हा वैराग्याचा कठीण पाठ होय. १९२८ साली पुण्यात मुंबई इलाख्याची शेतकरी परिषद भरली. तिचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. मंडईत माल आणणाऱ्या शेतकऱ्याचे दुःखही त्यांनी धर्माच्याच कक्षेत आणले. १९३० च्या सत्याग्रहात येरवड्याचा कारावास भोगला, १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा संशोधनग्रंथ प्रसिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

सिद्धांताच्या दृष्टीने येथे भेद आहे, तो झाकण्याचे कारण नाही. शिंदे यांचा ईश्वर निराकार. अवतार त्यांच्या मताला मान्य नाही. महानुभाव मतात परमेश्वर जीवोद्धारासाठी साकार होतो, आणि पंचकृष्णांच्या ठायी त्याची ओळख पटते. देवतांना परमेश्वर न मानता एका परमेश्वराचीच अनन्य उपासना करावी, याबाबत मात्र दोन्ही मते जवळ येतात. सर्वज्ञ श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकात भिक्षेत आणि धर्मोपदेशात जातीची भिंत मानली नाही. नागदेवाचार्यांनी ब्रह्मविद्या मराठीतच राहावी असा आग्रह धरला, तो सामान्य जनांना ती मुकू नये म्हणून. हे विशेष ध्यानी घेतले म्हणजे शिंदे यांचे चरित्र परके वाटत नाही.

आज महानुभाव साहित्य विद्यापीठांत पदवीसाठी अभ्यासले जाते, त्यावर प्रबंध लिहिले जातात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु शब्दार्थ व पाठभेद जाणणारा अभ्यासक जर उपेक्षित मनुष्याच्या दारी जाण्यास संकोचत असेल, तर त्याचे अध्ययन अर्धेच राहिले. ऑक्सफर्डहून परतलेल्या शिंदे यांनी आपली धर्मविद्या पुण्याच्या पेठांत आणि रात्रशाळेच्या दिव्याखाली पूर्ण केली. साधकाने व वासनिकाने त्यांच्या चरित्रातून एवढे घ्यावे की, विचार आचारात उतरेपर्यंत शास्त्राचे श्रवण संपत नाही.