कलामहर्षी बाबूराव पेंटर

शिवाजी पार्कच्या मैदानाभोवतालचा कट्टा ही दादरकरांची सायंकाळची पाठशाळाच होय. क्रिकेटपासून राजकारणापर्यंत कोणताही विषय तेथे वर्ज्य नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर एके सायंकाळी आमचा एक विद्यार्थी तेथे आम्हांस भेटला. आदल्याच रविवारी एका चित्रपटमंडळाने दाखविलेला परदेशी कलापट पाहावयास तोही आला होता व आम्हीही गेलो होतो. त्या चित्रात एक गृहस्थ फार वेळ खिडकीपाशी उभा राहतो, मग दिवा मालवतो, आणि त्यानंतर काही वेळ पडद्यावर नुसता अंधार राहतो. खेळ संपताच टाळ्यांचा गजर झाला. त्यांत आमच्याही टाळ्या होत्या. एवढेच नव्हे तर चित्र फार सखोल आहे, असा अभिप्रायही आम्ही बाहेर पडताना मोठ्याने दिला होता. विद्यार्थ्याने तो ऐकला होता. त्या चित्रात सखोल ते नेमके काय होते, असे त्याने आम्हांस अगदी नम्रपणे विचारले. आम्ही प्रतीक, संयम, अवकाश असे दोनचार भारदस्त शब्द उच्चारून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की, चित्र आम्हांस समजलेच नव्हते. शेजारच्या मंडळींनी अरसिक म्हणू नये, एवढ्याचसाठी आम्ही टाळ्या पिटल्या होत्या.

न समजलेला धडा समजला असे भासविणे हा विद्यार्थ्याचा दोष आम्ही नेहमी दाखवीत असतो. तोच आमच्या हातून घडला, ह्याची टोचणी मनास लागली. कोणते चित्र खरोखर खोल आणि कोणते केवळ खोलीचा आव आणणारे, हे ओळखावे कसे? ह्या प्रश्नाचा विचार करिता करिता आम्हांस कोल्हापूरच्या एका थोर कलावंताचे स्मरण झाले. त्यांचे चरित्र आमच्या तरुण वाचकांस संक्षेपाने सादर करितो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास एका कारागीर घराण्यात झाला. कोणत्याही कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत. त्यांचे शिक्षण झाले ते घरात आणि कामात. आनंदराव ह्या आपल्या आप्ताबरोबर ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, आणि ह्याच धंद्याने त्यांस पेंटर हे नाव दिले. नाटकाचा पडदा म्हणजे एक सपाट कापड. त्यावर राजवाड्याचे खांब एकामागे एक लहान होत गेलेले दाखवावयाचे, म्हणजे प्रेक्षकांस लांबलचक दालनाचा भास होतो. परंतु नटाचा धक्का लागला तर अवघा राजवाडा हालतो! नसलेली खोली कशी रंगवावी, ही विद्या बाबूरावांस जितकी अवगत होती तितकी फारच थोड्यांस असेल. पुढील हकीकत वाचताना ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट मुंबईत झळकला आणि ह्या दोघांस चलच्चित्राचा ध्यास लागला. चित्रणाचे परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ते आपणच बनवावे असा त्यांनी निश्चय केला. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. बाबूरावांनी दुःख गिळून काम पुढे चालविले आणि विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने १९१८ साली ते यंत्र सिद्ध केले. तानीबाई कागलकर ह्या गायिकेने भांडवल पुरविले आणि कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री १९२० साली पुण्यास प्रदर्शित झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब व भयंकर वठला होता की पुढे तो भाग कापावा लागला. १९२३ सालच्या सिंहगड ह्या चित्रपटात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने त्यांनी रात्रीच्या लढाईचा देखावा उभा केला. प्रेक्षकांस दिपवून टाकण्याची सर्व साधने आता त्यांच्या हाती होती.

तथापि बाबूरावांनी केलेली एक गोष्ट आम्हांस ह्या सर्वांहून मोठी वाटते. रंगविलेल्या पडद्यांवर ज्यांनी नाव मिळविले, त्यांनीच आपल्या चित्रांतून ते पडदे दूर केले आणि त्यांच्या जागी भरीव देखावे उभारले. चित्रणास आरंभ करण्यापूर्वी ते पात्रांची व वेषभूषेची रेखाटने स्वहस्ते काढीत. अमुक वस्तू येथे का, ह्याचे उत्तर त्यांच्यापाशी आधीच तयार असे.

१९२५ साली त्यांनी सावकारी पाश हा मूकपट काढला. त्यात देव नव्हते, राजे नव्हते की लढाया नव्हत्या. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून बसलेला एक शेतकरी पोटासाठी शहराची वाट धरतो व तेथे गिरणीत मजूर होतो, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे ह्यांनी केली. तेच पुढे व्ही. शांताराम ह्या नावाने विख्यात झाले. विषय काल्पनिक नव्हता. पुणे व नगर जिल्ह्यांतील रयतेने १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे केले होते आणि १८७९ साली सरकारास त्याकरिता खास कायदा करावा लागला होता. तरीही कर्जाचा पाश सुटला नव्हता.

योगायोग असा की, ज्या वर्षी हा चित्रपट निघाला त्याच वर्षी आमचे हे मैदान माहीम पार्क ह्या नावाने लोकांस खुले झाले. शिवाजी पार्क हे नाव त्यास १९२७ साली मिळाले. येथून थोड्याच अंतरावर परळ व लालबागच्या गिरण्यांची धुराडी तेव्हा धूर ओकीत होती. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पणजोबा कोकणातून वा घाटावरून असेच येथे आले असतील. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, परंतु घरोघरच्या आठवणी अद्याप बुजलेल्या नाहीत.

सावकारी पाशची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. मात्र तो ज्यांनी तारुण्यात पाहिला, त्यांच्या मनात पुष्कळ वर्षांनीही एक दृश्य टिकून होते. मंद उजेडातील एक उदास झोपडी आणि तेथे विव्हळणारे एक कुत्रे, एवढेच ते दृश्य. मूकपटास आवाज कोठून असणार? परंतु पाहणाऱ्यांस ते विव्हळणे ऐकू आले होते. हाही अंधारच होता. पण जेथे दिव्यास तेल नाही अशा घरातला. तो काढून टाकला असता तर त्या माणसाची विपत्तीच दिसेनाशी झाली असती. सिंहगडावर प्रकाशाची किमया करणारा कलावंत येथे उजेड आवरून धरतो, तो विषयाची तशी आज्ञा म्हणून. खोल चित्र आणि आव आणणारे चित्र ह्यांतील भेद आमच्या मते येथेच आहे. संथपणा, काळोख, मौन ही दोहोंकडे सारखीच आढळतील. एकात ती कथेच्या पोटातून आलेली असतात. दुसऱ्यात ती पडद्यावरील खांबांप्रमाणे रंगविलेली असतात, आणि प्रश्नाचा धक्का लागताच हालतात.

सावकारी पाश पौराणिक चित्रपटांप्रमाणे चालला नाही. लोकांस चमत्कार हवे होते. ह्यावरून न चालणारे प्रत्येक चित्र थोर असते, असा कोणी समज करून घेऊ नये. अपयश हे खोलीचे प्रमाणपत्र नव्हे. पण बाबूरावांनी प्रेक्षकांस मूर्ख ठरविले नाही. १९३६ साली तीच कथा त्यांनी बोलपटाच्या रूपाने पुन्हा लोकांपुढे ठेवली. जमीन गमावून कलकत्त्यास रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा बिमल रॉय ह्यांनी दो बिघा जमीनमध्ये सांगितली ती १९५३ साली, म्हणजे मूळ सावकारी पाशनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांचे चार सहकारी कंपनी सोडून गेले व त्यांनी सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ तगली नाही. परंतु त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलाल ह्यांचा १९३६ सालचा संत तुकाराम व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. भोळ्या भाविकासही उमगावा आणि विद्वानासही विचार करावयास लावावा, असा तो चित्रपट आहे. १९४७ साली शांतारामांच्या परळ येथील राजकमल कलामंदिरासाठी लोकशाहीर रामजोशी ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात बाबूरावांनी भाग घेतला. शिष्याच्या वास्तूत गुरूने काम करण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. उत्तरायुष्यात ते चित्रे व पुतळे ह्यांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

असो. हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास कट्ट्यावर पुन्हा गाठले आणि तो परदेशी कलापट आम्हांस समजला नव्हता, हे कबूल केले. तो हसला व म्हणाला की, त्यालाही समजला नव्हता, पण आमची टाळी ऐकून त्यानेही वाजविली होती. तो चित्रपट खोल आहे की पोकळ, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. तो पुन्हा एकदा पाहावा असे आम्हां दोघांचे ठरले आहे. मात्र त्या रविवारी खोलीचा आव निश्चितपणे कोणी आणला असेल, तर तो प्रेक्षागृहातील आमच्या खुर्चीत बसला होता.