बोरघाटाचा शिल्पकार : जेम्स बर्कले

मृग नक्षत्र लागले, की सह्याद्रीतील दरडींच्या बातम्या सुरू होतात. कधी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दगड येतो, कधी कर्जत-लोणावळा लोहमार्गावर मातीचा ढीग साचतो, कधी भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट बंद करावा लागतो. सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर या सपाट आणि कमी पावसाच्या पट्ट्यात दरड ही प्रत्यक्ष अनुभवाची गोष्ट नाही. तरीही या पट्ट्याचे दैव घाटमाथ्याशी बांधलेले आहे. नीरा डाव्या कालव्याने उसाला मिळणारे पाणी भाटघर, नीरा देवघर आणि वीर या धरणांमध्ये साठते ते घाटमाथ्यावरच्या पावसामुळे. आणि इथला माल व माणूस मुंबईला पोहोचतो तोही घाट उतरूनच. या घाटातून लोहमार्ग नेण्याचे धाडस दीडशे वर्षांपूर्वी ज्याने केले आणि कोसळणाऱ्या डोंगराशी पहिला मोठा सामना ज्याने दिला, त्या अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. घाटातील रस्ते आणि लोहमार्ग यांच्या संरक्षणासाठी जाळ्या, भिंती व अडसर उभारण्याची मागणी वर्षागणिक वाढत असताना या विस्मृतीत गेलेल्या माणसाच्या चरित्राकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळील हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळात अभियांत्रिकीचे शिक्षण प्रामुख्याने अनुभवी अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच मिळे. बर्कले यांनीही तोच मार्ग पत्करला आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कार्यालयात ते दाखल झाले. वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे रॉबर्ट हे पुत्र, आणि स्वतः त्या पिढीतील अग्रगण्य अभियंते. इंग्लंडमधील लोहमार्गांच्या कामांवर बर्कले यांनी दाखविलेली चिकाटी त्यांच्या नजरेत भरली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला मुंबईसाठी मुख्य अभियंता हवा होता, तेव्हा स्टीफन्सन यांच्या पाठिंब्याने १८४९ साली बर्कले यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

१८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीवजवळ कामाचा शुभारंभ झाला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली. ३४ किलोमीटरांचा तो प्रवास भारतीय रेल्वेचा आरंभ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून आणि मुंब्र्याजवळचा डोंगर फोडून मार्ग कल्याणला पोहोचला. १८५६ पर्यंत रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला आले. इथवरचे काम कष्टाचे असले तरी अभियंत्यांना परिचित होते. खरी परीक्षा पुढे होती. दख्खनचा कापूस आणि धान्य मुंबई बंदरात आणावयाचे, तर सह्याद्रीची भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

बोरघाट हा शब्द इंग्रजी कागदपत्रांतून अनेकदा भोर घाट असा वाचला जातो. मात्र नीरेच्या खोऱ्यातील भोर गावाशी त्याचा संबंध नाही. कोकणातून खंडाळ्याला चढणारी ही फार जुनी वाट. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना इथली वाट दाखविली, ही लोककथा सर्वश्रुत आहे. जुन्या महामार्गावरील त्याच्या देवळासमोर आजही वाहनचालक हात जोडतात, नाणे वाहतात. या वाटेने १८३० सालीच गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता झाला होता. पण बैलगाडी चढते तिथे रेल्वेगाडी चढू शकत नाही. चाके आणि रूळ दोन्ही लोखंडी असल्याने चढ थोडा वाढला तरी इंजिनाची पकड सुटते.

बर्कले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे डोंगर पायाखाली घातला. घाट चढविण्याच्या आरंभीच्या कल्पनांमध्ये तीव्र उतारावर स्थिर यंत्राने दोरखंड ओढून डबे वर नेण्याचाही विचार होता. वारंवार केलेल्या मोजणीनंतर ती कल्पना मागे पडली आणि इंजिनालाच पेलेल असा मार्ग ठरला. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या चढणीत मार्ग १,८३१ फूट वर चढतो. सर्वांत कठीण भागात दर ३७ फुटांमागे १ फूट असा चढ होता. एके ठिकाणी डोंगराचा कडा इतका सरळ होता, की वळण घ्यायला जागाच उरली नाही. तिथे उलट दिशेचे स्थानक बांधण्यात आले. गाडी त्या स्थानकात शिरे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी विरुद्ध दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये मार्ग बदलला जाईपर्यंत प्रवाशांनी ही गंमत अनुभवली.

या चढणीवर २५ बोगदे आणि ८ मोठे उंच पूल बांधण्यात आले. बोगद्यांची ही संख्या डोंगराच्या स्वभावातून आली. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर रचून झालेला डोंगर आहे. कठीण काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सच्छिद्र दगडाचे आणि लाल मातीसारख्या पदार्थाचे मऊ थर असतात. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, मऊ थर झिजतो आणि त्यावर टेकलेला कठीण पाषाणाचा तुकडा आधार सुटून खाली येतो. घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा उतारावर उघडा मार्ग खोदला, तर खोदलेली बाजूच पुढे मार्गावर येण्याची भीती. बोगद्यात शिरलेला मार्ग निदान वरून येणाऱ्या दगडापासून सुरक्षित राहतो. जिथे उघड्यावर राहणे अटळ होते, तिथे आधारभिंती उभारण्यात आल्या.

१८५६ च्या आरंभी फॅव्हिएल या ठेकेदाराकडून कामाला सुरुवात झाली. उतार इतके तुटलेले होते, की अनेक बोगद्यांसाठी वरून विहिरी खोदणे शक्य नव्हते. कामगारांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून छिद्रे पाडावी लागत आणि सुरुंग ठासावे लागत. जून ते सप्टेंबर हे चार महिने काम जवळजवळ थांबे. पाऊस उघडल्यावर मजूर परतत आणि त्यांच्यामागोमाग पटकीही येई. वेतनाच्या प्रश्नावरून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि काही दिवसांतच आजाराने मरण पावले. अशा वेळी त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका आपल्याकडे घेतला आणि ॲडमसन व क्लाऊझर या दोन अभियंत्यांच्या देखरेखीखाली तो तडीस नेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका स्त्रीने एवढ्या प्रचंड कामाची जबाबदारी पेलावी, ही घटना आजही विलक्षण वाटते.

१८६१ च्या आरंभी घाटात एकाच वेळी सुमारे ४२ हजार माणसे राबत होती. यांतील बहुसंख्य माणसे कोण होती, कोणत्या गावची होती, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. आठ हंगामांत अपघात, ताप आणि पटकी यांनी घेतलेले बळी हजारोंच्या घरात असावेत, असे इतिहासकार मानतात. बर्कले यांच्या गौरवाचा विचार करताना या अनामिक माणसांचा विसर पडणे न्याय्य होणार नाही.

बर्कले हे केवळ आराखडे काढणारे अधिकारी नव्हते. देशी ठेकेदारांच्या क्षमतेवर त्यांचा विश्वास होता. जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराला कंपनीची मोठी कामे मिळाली आणि ती त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली. आपल्या अनुभवाची मांडणी करण्याची बर्कले यांना हौस होती. लंडनच्या सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेपुढे १८६० साली भारतीय रेल्वेविषयीचा त्यांचा निबंध सादर झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी थळ आणि बोर या दोन्ही घाटांच्या कामांचा तपशीलवार वृत्तांत दिला.

मुंबईची हवा आणि अविश्रांत श्रम यांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे आठच महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाचा मार्ग खुला झाला. इगतपुरीकडे चढणारा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. ज्या दोन मार्गांवर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्यांवरून धावणारी गाडी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

त्यांच्या कार्याला एक काळी बाजूही आहे. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, बोरघाटातील महू की मळी येथील उंच पूल कोसळला. दगडी बांधकामातील दोष त्यातून उघड झाले आणि कंपनीला अनेक पुलांची दुरुस्ती व पुनर्बांधणी करावी लागली. बर्कले तेव्हा हयात नव्हते. परंतु बांधकामाचा वेग आणि त्याचा दर्जा यांचा मेळ घाटात किती कठीण असतो, हे या घटनेने दाखवून दिले. घाटातील मार्ग उद्‌घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही, दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासावा लागतो, हा धडा रेल्वेने तेव्हापासून गिरविला. पावसाळ्यात रुळांवर पायी गस्त घालणारे कर्मचारी आणि पावसापूर्वी कड्यावरचे सैल दगड शोधून पाडणारी पथके, ही त्याच परंपरेची देणगी होय.

बर्कले यांच्या काळात दगड अडविण्याची साधने म्हणजे दगडी भिंत, पाण्याचा चर आणि बोगदा. विसाव्या शतकात त्यांत पोलादाची भर पडली. उतारावर पसरलेली तारेची जाळी सुटलेल्या दगडाला उतारालगत ठेवून हळूहळू पायथ्याशी उतरविते. पोलादी सळ्या खडकात खोल रोवून सैल तुकडे मागच्या अखंड खडकाशी जखडता येतात. मार्गाच्या वरच्या अंगाला खांबांवर ताणलेले लवचीक अडसर वेगाने येणाऱ्या शिळेचा धक्का स्वतः वाकून, ताणून झेलतात. कडक भिंत जिथे फुटते, तिथे लवचीक जाळे टिकते, हे त्यामागचे तत्त्व. ओढ्यातून दगड, चिखल आणि झाडे घेऊन येणाऱ्या लोंढ्यासाठी वेगळे अडसर असतात. त्यांच्या तळाशी नेहमीचे पाणी वाहून जायला वाट ठेवलेली असते. लोंढा अडला, की साचलेला राडारोडा उपसावा लागतो, नाही तर पुढच्या पावसात तो अडसर निरुपयोगी ठरतो.

महाराष्ट्रात या साधनांची मागणी दुर्घटनांच्या मागोमाग वाढली. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर कोकण रेल्वेने उतार कमी करणे, जाळ्या बसविणे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवणे यांवर भर दिला. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ शिळा वाहनांवर कोसळून दोघांचा बळी गेला. मग तिथले सैल दगड काढून डोंगरावर जाळ्या चढविण्यात आल्या. बर्कले यांचा मार्ग ज्या डोंगररांगेतून जातो, तीच ही रांग.

मात्र जाळीची मर्यादाही ओळखली पाहिजे. सुटा दगड ती थोपवू शकते. पाण्याने फुगलेला अख्खा उतार खाली येऊ लागला तर तिचा उपयोग नसतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये, तर जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी याच रीतीने उद्ध्वस्त झाली. तिथे हवे होते ते धोक्याची वेळीच ओळख, पाण्याचा निचरा आणि वेळप्रसंगी वस्तीचे स्थलांतर. रस्ते आणि रूळ यांच्यासाठी निधी मागितला जातो, कारण ते बंद पडले की साऱ्या राज्याला कळते. डोंगराच्या कुशीतील वाडीसाठी तेवढ्याच तत्परतेने मागणी होत नाही.

बर्कले यांनी मार्ग ठरविण्यापूर्वी वर्षानुवर्षे डोंगर न्याहाळला आणि मगच सुरुंगाला बत्ती दिली. आजच्या अभियंत्यांच्या हाती त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस साधने आहेत. घाटात रस्ता रुंद करण्यासाठी उताराचा पायथा कापण्याआधी त्या उताराची तशीच कसून पाहणी व्हावी आणि पाहणीसाठीही जाळ्यांइतकाच पैसा राखून ठेवावा, अशी अपेक्षा त्यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्याने बाळगली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारी प्रत्येक गाडी या अल्पायुषी अभियंत्याच्या आणि त्याच्याबरोबर राबलेल्या हजारो अनामिकांच्या श्रमांची आजही साक्ष देते.