सरफोजी भोसले (दुसरे)

दुसरे सरफोजी भोसले (२४ सप्टेंबर, इ.स. १७७७ – ७ मार्च, इ.स. १८३२) हे तंजावरच्या भोसले घराण्यातील राजे होते. इ.स. १७९८ पासून मृत्यूपर्यंत ते गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, मराठी मुद्रण व शिक्षणप्रसार यांबरोबरच नेत्रचिकित्सेतील कार्यासाठी ते ओळखले जातात. त्यांच्या काळात तपासलेल्या नेत्ररुग्णांची सचित्र कागदपत्रे तंजावर येथे जतन केलेली आहेत. त्यांपैकी अनेक नोंदींच्या मुळाशी असलेला मोतीबिंदू हा विकार नेत्रभिंगाच्या घडणीशी निगडित आहे.

पूर्वायुष्य

तंजावरचे मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापन केले. त्यांचे वंशज तुळजाजी यांना वारस नसल्याने त्यांनी भोसले घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील सरफोजी यांना इ.स. १७८७ मध्ये दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. दत्तकविधान शास्त्रसंमत नसल्याचा निर्णय पंडितांकडून मिळाल्यावर तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले.

अमरसिंहांच्या काळात बाल सरफोजींना राजवाड्यात कोंडल्यासारखे जिणे जगावे लागले. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांच्या शिक्षणाची व सुरक्षिततेची काळजी घेतली. इ.स. १७९३ मध्ये त्यांना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रास येथे हलविण्यात आले. तेथे त्यांना इंग्रजी भाषा व युरोपीय विद्यांची ओळख झाली.

राज्यारोहण व कंपनीशी करार

दत्तकाच्या वैधतेची पुन्हा चौकशी होऊन निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला आणि २९ जून, इ.स. १७९८ रोजी त्यांना राज्याभिषेक झाला. २५ ऑक्टोबर, इ.स. १७९९ रोजीच्या करारान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वार्षिक एक लाख होनांचा तनखा व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सैन्य व महसूल हातून गेल्याने त्यांचे पुढील बहुतेक कार्य विद्या, कला व आरोग्य या क्षेत्रांत झाले.

विद्याविषयक कार्य

सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयासाठी युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक ग्रंथ मिळविले. त्यांत वैद्यक, शरीररचना व वनस्पतिशास्त्र या विषयांचा समावेश होता. काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखिते जमविली व अनेकांच्या नकला करवून घेतल्या. त्यांनी नवविद्याकलानिधी ही शाळा व देवनागरी छापखाना सुरू केला. इसापच्या कथांचा मराठी अनुवाद असलेले बालबोध मुक्तावली हे तेथे छापलेले पुस्तक आरंभीच्या मराठी मुद्रित पुस्तकांत गणले जाते. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा दीर्घ मराठी शिलालेख त्यांनी इ.स. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिरात कोरविला.

धन्वंतरी महाल व नेत्रचिकित्सा

धन्वंतरी महाल ही सरफोजींनी चालविलेली वैद्यकीय संस्था होती. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व युरोपीय वैद्यक या पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. औषधे तयार करणे, ती वापरून पाहणे व गुणकारी ठरलेले पाठ नोंदवून ठेवणे हे तेथील मुख्य काम होते. हे पाठ पुढे शरभेंद्र वैद्य मुरैगळ या तमिळ ग्रंथमालेत संकलित झाले. त्यांत नेत्ररोगांवरही स्वतंत्र भाग आहे.

नेत्ररुग्णांच्या कागदांवर रुग्णाची माहिती, तक्रार, डोळ्याची स्थिती व केलेले उपचार यांची नोंद आढळते. काही कागदांना रोगग्रस्त डोळ्याची रंगीत चित्रे जोडलेली आहेत. छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळात अशी चित्रे हेच डोळ्याची स्थिती जशीच्या तशी टिपण्याचे साधन होते. सरफोजी प्रवासातही शस्त्रक्रियेची हत्यारे सोबत ठेवीत असे सांगितले जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे श्रेय त्यांना दिले जाते.

त्या काळी मोतीबिंदूवर दोन पद्धती प्रचलित होत्या. भारतातील जुन्या पद्धतीत सुईने गढूळ भिंग बाहुलीमागून खाली ढकलले जाई. प्रकाशाची वाट मोकळी होऊन रुग्णाला लगेच दिसू लागे. पण भिंग डोळ्यातच राहत असल्याने पुढे दाह होऊन दृष्टी जाण्याचा धोका असे. दुसऱ्या पद्धतीत पारपटलाला छेद देऊन भिंग बाहेर काढले जाई. ती फ्रेंच शल्यविशारद झाक दाविएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केली.

नेत्रभिंगाची घडण व मोतीबिंदू

सरफोजींच्या काळी मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले भिंग हे ज्ञात होते; ते गढूळ का होते याचा उलगडा पेशींच्या अभ्यासानंतर झाला. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूपासून निघालेला नेत्रपुटक बाह्यस्तराजवळ येतो आणि तेथील पेशी जाड होतात. हा थर आत वळून सुटा होतो व त्याची पोकळ पिशवी बनते. नेत्रपुटकाच्या सान्निध्यामुळे भिंग घडू लागते हे हान्स स्पेमान यांनी इ.स. १९०१ मध्ये बेडकांवरील प्रयोगांतून दाखविले.

पिशवीच्या मागील बाजूच्या पेशी लांबून तंतू बनतात व सातव्या आठवड्याच्या सुमारास पोकळी भरून टाकतात. पुढील बाजूच्या पेशींचे विभाजन मात्र आयुष्यभर चालू राहते. त्यांतील काही पेशी भिंगाच्या कडेला सरकून तंतू बनतात व आधीच्या तंतूंवर थरांनी रचल्या जातात. पक्व होताना या तंतूंतील पेशीकेंद्रक व इतर अंगके नष्ट होतात आणि आत स्फटिकी प्रथिने दाटीने उरतात. प्रकाश विखुरणारे काही न राहिल्याने भिंग पारदर्शक होते.

या पारदर्शकतेची किंमतही आहे. केंद्रक गमावलेला तंतू नवी प्रथिने बनवू शकत नाही. कवचाने वेढलेल्या भिंगातून जुने तंतू बाहेरही टाकले जात नाहीत. त्यामुळे वृद्धाच्या भिंगाच्या गाभ्यात त्याच्या जन्मापूर्वीचे तंतू असतात. वर्षानुवर्षे झीज सोसलेली प्रथिने गोळा होऊन गुठळ्या धरतात व प्रकाश विखुरतो. भिंगाचा बाहेरचा थरही पूर्ण पांढरा झाला की मोतीबिंदू पिकला असे म्हणतात. अपक्व मोतीबिंदू काढताना मऊ, चिकट अंश डोळ्यात राहत, म्हणून पूर्वी तो पिकण्याची वाट पाहिली जाई. आधुनिक शस्त्रक्रियेत तशी आवश्यकता नसते.

मृत्यू व वारसा

७ मार्च, इ.स. १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी इ.स. १८५५ मध्ये औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र टिकून राहिले व इ.स. १९१८ पासून ते सार्वजनिक झाले. राजेपदाचे अधिकार नाममात्र उरले असताना तयार झालेले नेत्ररुग्णांचे कागद त्याच संग्रहात असून भारतीय नेत्रचिकित्सेच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन मानले जातात.