पाणी आणि खताची ताटातूट ओळखणारे जोतीराव

भिवंडीसारख्या शहरात परसात वा गच्चीवर बाग फुलवणारा हौशी माणूसही आज ठिबकच्या नळीतून विद्राव्य खत देऊ शकतो. व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून पाणी वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि बादलीतले द्रावण आपोआप ओढले जाते. खत थोडे थोडे थेट मुळांशी पोहोचते. शेवटी साधे पाणी सोडले की नळ्या तुंबत नाहीत. हे तंत्र विसाव्या शतकातले. परंतु पाणी आणि खत यांची ताटातूट झाली की शेतकरी बुडतो, हे १८८३ मध्येच मांडणारा द्रष्टा महाराष्ट्रात होऊन गेला. ते म्हणजे जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे ते फुले झाले. आई चिमणाबाईंचे छत्र फार लवकर हरपले. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. तो पुन्हा शाळेत गेला तो १८४१ मध्ये. ही मधली वर्षे वाया गेली नाहीत. मातीची भाषा जोतीराव तेथेच शिकले.

पुढे १८४८ मध्ये मुलींची शाळा, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, हा त्यांचा जीवनपट सर्वपरिचित आहे. त्या मानाने त्यांच्यातला शेतकरी आणि व्यावसायिक कमी ठाऊक असतो. पुण्याजवळील धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. १८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मांजरीला त्यांनी स्वतःची शेती केली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत पिकवली. त्यामुळे पाटाचे पाणी त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते: बांधणाऱ्याच्या आणि भिजवणाऱ्याच्या.

या अनुभवातून ‘शेतकऱ्याचा असूड’ उतरला. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे शेण कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे. हे फुकटचे खत होते. सरकारी जंगल खात्याने राने बंद केली, गुरांची चराई अडली आणि हा ओघ आटला. जमीन निकस झाली, कर्ज वाढले. जोतीरावांच्या लेखी हा नशिबाचा खेळ नव्हता, तर धोरणाचा परिणाम होता. म्हणून उपायही त्यांनी धोरणाचेच सुचवले. लष्कर आणि पोलीस यांतील फावल्या मनुष्यबळाकडून जागोजागी ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मगच ओढ्याला मिळेल. जुन्या तलावांतील गाळ काढावा. आणि शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या गरजेपुरते पाणी तोटीने मिळावे. ठिबकचा विचार याहून फार दूरचा नाही.

हा ग्रंथ त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ‘दीनबंधु’ने मात्र पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली. आपल्याच चळवळीतील पत्राने हात आखडता घेतला तरी जोतीरावांनी शब्द मागे घेतले नाहीत.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज खत पिशवीत मिळते आणि पाणी नळीतून येते. दोन्ही एकत्र आणण्याचे साधन गच्चीवरच्या कुंडीपर्यंत पोहोचले आहे. पण डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतात ते पोहोचले की नाही, हा जोतीरावांचा प्रश्न अजून मिटलेला नाही.