त्रिंबकजी डेंगळे

नाना फडणविसांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पण पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत ज्यांच्या शब्दावर पुण्याचा दरबार हालत असे, त्या त्रिंबकजी डेंगळ्यांविषयीं आम्हां डोणगांवकरांच्या कानीं फारसें येत नाहीं.

त्रिंबकजी नगर जिल्ह्यांतील निमगांव जाळीचे. आरंभीं ते केवळ जासूद होते. 1802 सालीं होळकरांच्या भयानें दुसरे बाजीराव महाडास पळाले, तेव्हां त्यांचें पत्र पुण्यास पोंचवून त्रिंबकजींनीं फारच थोड्या वेळांत उत्तर आणिलें. धन्याची मर्जी बसली, आणि पुढें हा जासूद कारभारी झाला. त्या काळीं महालांचा वसूल इजाऱ्यानें देत. जो अधिक रक्कम बोले त्यास मामलत मिळे, आणि ती रक्कम शेवटीं कुणब्याच्या कणगींतून निघे. आमच्या मतें हा डाग पुढील खुनाच्या आरोपाहून लहान नाहीं.

जुलै 1815 मध्यें बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरांत खून झाला. इंग्रजांनीं त्रिंबकजींवर ठपका ठेविला. उघड न्यायसभेपुढें त्यांची सुनावणी झाली नाहीं, आणि धन्याचा त्यांत किती हात होता हेंही उलगडलें नाहीं. बाजीरावांनीं नाइलाजानें त्यांस इंग्रजांच्या स्वाधीन केलें, व ते ठाण्याच्या किल्ल्यांत कोंडले गेले.

तेथील पहारेकरी गोरे. त्यांस मराठी येईना. असें सांगतात कीं, खिडकीखालीं घोडा चोळतांना एक मोतद्दार गाणें गात असे, आणि पळण्याची सारी युक्ति त्या गाण्यांतच गोंविलेली होती. 12 सप्टेंबर 1816 रोजीं कैदी नाहींसा झाला.

जून 1817 च्या तहांत बाजीरावांस आपल्या कारभाऱ्याचा अपराध कबूल करावा लागला. नोव्हेंबरांत लढाई पेटली व 1818 सालीं पेशवाई बुडाली. धन्यास बिठूर व सालीना आठ लाखांची नेमणूक मिळाली. पुन्हां पकडलेल्या चाकरास काशीजवळील चुनारचा किल्ला.

1824 सालीं कलकत्त्याचे बिशप हेबर चुनारास गेले. त्यांनीं त्या बंदिवासाचें वर्णन लिहून ठेविलें आहे: दोन हवेशीर खोल्या, गजांच्या खिडक्या, गोऱ्यांचा व शिपायांचा दुहेरी पहारा, एक लहानसें देऊळ, आणि पिंपळाच्या सावलींत कैद्यानें लावलेलीं फुलझाडें. ठाण्याची ती गाण्याची गोष्ट बिशपसाहेबांच्याही कानीं आली होती.

1829 सालीं त्रिंबकजी कैदेंतच वारले. बाजीराव 1851 पर्यंत गंगाकाठीं नेमणूक खात राहिले.