कवी निस्सीम इझिकेल

आज मी तुम्हाला कवी निस्सीम इझिकेल यांची माहिती सांगणार आहे. ती मला आमच्या गुरुजींनी सांगितली.

निस्सीम यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांचे. फार फार वर्षांपूर्वी या लोकांचे पूर्वज समुद्रातून येत होते. अलिबागजवळ नवगावला त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बायाच वाचल्या, असे ते लोक सांगतात. मग ते कोकणातच राहिले आणि मराठी बोलू लागले. पोटासाठी त्यांनी तेलाची घाणी चालवली. शनिवारी त्यांच्या धर्माप्रमाणे काम बंद असे. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

निस्सीम यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आई शाळा चालवत. शाळेत निस्सीम यांना वेगळ्या धर्माचा म्हणून मुले त्रास देत. १९४८ साली ते लंडनला गेले. १९५२ साली परत येताना त्यांनी बोटीवर डेक घासायचे काम केले. पुढे ते मुंबईत प्राध्यापक झाले. ते इंग्रजीत कविता लिहीत. इंदिरा संत यांच्या मराठी कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेल्या.

त्यांची एक कविता आहे, तिचे नाव बॅकग्राउंड, कॅज्युअली. तीत त्यांनी शाळेतला त्रास सांगितला. आपले पूर्वज तेलबिया गाळून पोट भरत, हेही लिहिले. काहीच लपवले नाही. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८८ साली पद्मश्री मिळाली. ९ जानेवारी २००४ रोजी ते मुंबईत वारले.

माझे आबाजी पण घाणीवर जवसाचे तेल काढायचे. खेळताना मला कोणी तेलकट म्हणून चिडवले, की मी रडत घरी जायचो. आमची घाणी कोणाला दाखवत नव्हतो. निस्सीम यांची माहिती ऐकून मी आबाजींना घाणीबद्दल सगळे विचारले. ते खूप वेळ सांगत बसले. बैलाचे नाव सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी आले.

बाजूला मी आमच्या घाणीचे चित्र काढले आहे. आज आबाजी ते पाहायला येणार आहेत. बैल नीट जमला नाही, पण घाणी आमचीच आहे.