सूर नव्हे, सुई फाटकी होती!

गेल्या उन्हाळ्यात माळा आवरताना सासूबाईंच्या जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा हाती लागला. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. वर तापलेला पत्रा आणि गठ्ठ्यावर चार जाड चादरी रचलेल्या! भंगारात देण्याआधी एकदा लावून तर बघू, म्हटलं. लेबलवर नाव होतं केसरबाई केरकर. पण ऐकू काय आलं, तर नुसती खरखर आणि फाटका, डगमगता आवाज. याच का त्या मोठ्या गायिका, असं माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंचा चेहराच उतरला. दोष बाईंच्या गळ्यात नाही, यंत्रात शोध, एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, मग मी दोन्ही कामं हाती घेतली. यंत्र दुरुस्त करणं आणि या बाईंना समजून घेणं.

केसरबाईंचा जन्म गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, केरी गावी, १३ जुलै १८९२ रोजी झाला. घराणं कलावंतांचं. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला ठेवलं, पण ते शिक्षण जेमतेम आठ महिनेच टिकलं. पुढे रामकृष्णबुवा वझे, मग मुंबईत बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले... सगळी तालीम तुकड्या-तुकड्यांत. दुसरी एखादी कंटाळून थांबली असती. पण १९२१ साली, एकोणतिशीच्या घरात, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि जणू पुन्हा पहिलीपासून शिकायला बसल्या. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोवर हे शिक्षण चालू होतं.

मोकळा, भरदार आकार आणि लांबलचक दमसास ही त्यांच्या गाण्याची खूण. कोलकात्यात त्यांना 'सुरश्री' ही पदवी मिळाली, १९६९ मध्ये पद्मभूषण. पण ध्वनिमुद्रणाबाबत बाई फार सावध. मैफलीत कुणी यंत्र लावलेलं त्यांना खपायचं नाही. जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात त्यांचा राग कसा मावणार?

इकडे आमच्या यंत्राची एकेक चूक सापडत गेली. आमची रेकॉर्ड लाखेची, ७८ फेऱ्यांची. तिची खाच रुंद असते. आणि सुई होती एलपीची, बारीक! ती खाचेच्या तळाशी घासत होती, म्हणून खरखर. सुईखालची खटकी फिरवल्यावर ७८ची सुई वर आली, पण तीही झिजलेली, ती बदलली. सुई उडू नये म्हणून मुलांनी दांडीवर नाणं ठेवलं होतं. त्या वजनानं तर खाच आणखी खरवडते! ते काढलं. आतलं रबरी चाक कडक झालेलं, त्यामुळे फेऱ्या कमी-जास्त होऊन सूर डगमगत होता. तेही बदलून घेतलं. रेकॉर्ड किंचित ओल्या मऊ फडक्यानं पुसली. एक लक्षात ठेवा, लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. आणि रेकॉर्डी एकावर एक रचू नका. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब.

हे सगळं करताना एक गोष्ट वाचली आणि थक्कच झाले. १९७७ साली अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, जगभरचं संगीत भरलेली. त्यात भारताकडून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. आणि बरं का, शास्त्रज्ञांनी सोबत सुईसुद्धा पाठवली! तबकडी किती वेगानं फिरवायची, सुई कुठं टेकवायची, हे आवरणावर चित्रांनी कोरून ठेवलं. परक्या जगातल्या कुणी चुकीचं वाजवून आपल्याला बेसूर ठरवू नये, एवढी ही काळजी!

दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. पुढच्या अकरा दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, बाई गेल्या.

परवा संध्याकाळी रेकॉर्ड पुन्हा लावली. थोडी खरखर आहेच, वयाची. पण तिच्यावरून तो आवाज सरळ, भरून आला. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी मनातल्या मनात दोघींची माफी मागितली.

तुमच्याही माळ्यावर असा गठ्ठा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा सुई तपासा.